हरकत आहे का?

फेब्रुवारी २०१८ मध्ये आमचा चेक परत आला. रक्कम ४,८०,००० रुपये, बँकेच्या मेमोवर शेरा ‘फंड्स इन्सफिशियंट’. त्याच रविवारी त्याच बिल्डरची पानभर रंगीत जाहिरात पेपरात होती, म्हणजे पेपरवाल्यांचा चेक वटला असणार.

लोअर परळला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे, सासऱ्यांनी घेतलेला. बाइंडिंग, लॅमिनेशन, फॉइल ही आमची कामं. छपाई बाहेरून करून आणतो. मी, तीस वर्षांपासून आमच्याकडे असलेले बाइंडर काका आणि दोन मुलं, एवढाच पसारा. बिल्डरला एका प्रदर्शनासाठी चोवीस पानी ब्रोशर हवं होतं. ३,००० प्रती, आत १७० जीएसएम आर्ट पेपर, कव्हर ३०० जीएसएमचं आणि त्यावर मॅट लॅमिनेशन. शिवाय मोठ्या गिऱ्हाइकांना द्यायला २०० प्रती कापडी हार्डबाउंड. नऊ दिवसांत सगळं पोचतं केलं. शेवटच्या दोन रात्री काका घरी गेले नव्हते. कागद उधारीवर आणला होता, त्यामुळे चेक परत आल्यापासून कागदवाल्याचा फोन रोज सकाळी साडेदहाला, न चुकता.

बिल्डरचं, कोर्टाचं, न्यायाधीशांचं नाव इथे लिहीत नाही. त्यातल्या एकाबद्दल मला आजही आदर आहे, आणि जास्त लिहायचंय ते त्यांच्याबद्दलच.

वकीलबाईंनी पहिल्या भेटीत आमच्याच बिलाच्या पाठीवर वेळापत्रक लिहून दिलं. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस. नोटीस पोचल्यापासून १५ दिवस त्याला पैसे भरायला. ते उलटले की एका महिन्यात फिर्याद. चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम १३८. मी विचारलं, मग पुढे किती वेळ लागतो? त्या म्हणाल्या, कायद्यात लिहिलंय की शक्यतो सहा महिन्यांत खटला संपवावा. ‘शक्यतो’ हा शब्द त्यांनी जरा हळू उच्चारला, ते माझ्या लक्षात आलं नाही. मी गाळ्यावर येऊन कागदवाल्याला दिवाळीचा वायदा करून टाकला.

एप्रिलमध्ये फिर्याद दाखल झाली, जुलैत पडताळणी होऊन समन्स निघालं. समन्स निघणं आणि पोचणं यात एक अख्खी नोकरशाही आहे. बिल्डरचं ऑफिस काचेच्या टॉवरमध्ये. खाली सिक्युरिटी, रजिस्टर, मग लिफ्ट, मग रिसेप्शन. समन्स परत आलं, शेरा ‘इसम मिळून आला नाही’. दुसऱ्यांदा ‘कार्यालय बंद’. त्या दिवशी मी सहज फोन केला तर रिसेप्शनिस्टने नवीन प्रोजेक्टची सॅम्पल फ्लॅटची वेळ सांगितली. शेवटी जामीनपात्र वॉरंट निघालं आणि ऑगस्ट २०१९ मध्ये बिल्डरसाहेब दोन वकील घेऊन स्वतः हजर झाले. जामीन व्हायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला बघून ओळखीचं हसले. ‘अरे ताई, एवढ्यासाठी कोर्टात कशाला आलात?’

आता एक गोष्ट सांगते, जी मला कुठल्याही लाचेपेक्षा जास्त बोचली. आरोपी तारखेला आला नाही तर त्याचा वकील गैरहजेरी माफीचा अर्ज देतो. एक पानाचा, छापील मजकूर, फक्त तारीख आणि कारण हाताने भरायचं. ‘आरोपी कामानिमित्त बाहेरगावी आहे.’ मंजूर. पण मी, फिर्यादी, आले नाही तर? तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २५६: फिर्यादी गैरहजर असेल तर न्यायाधीश आरोपीला निर्दोष सोडू शकतात. (नव्या संहितेत निदान ३० दिवसांची सवड दिली आहे.) कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा खोट्या तक्रारी करून गायब होणारे लोक असतील, आणि तेही बरोबरच आहे. पण आमच्या बाबतीत त्याचा अर्थ असा झाला की ज्याने पैसे बुडवले त्याला घरी बसायची मुभा आणि जिचे बुडाले तिला हजेरी सक्तीची. एकदा मला १०२ ताप होता. क्रोसिन घेऊन, मफलर गुंडाळून, जूनच्या पावसात गेले. पुकारा दुपारी सव्वातीनला झाला. रोजनाम्यात नोंद: फिर्यादी हजर, आरोपी गैरहजर, अर्ज मंजूर, पुढील तारीख. साठ सेकंद लागले असतील. वकीलबाईंचे त्या दिवसाचे २,००० रुपये, गाळा बंद, आणि परत येताना करी रोडला उतरल्यावर चप्पल तुटली ती वेगळी.

मी एक वही केली होती, जुन्या फर्म्यांच्या उरलेल्या कागदाची, काकांनीच शिवून दिलेली. तारीख, कोण आलं, काय झालं, खर्च. वहीत ‘काय झालं’ या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द ‘काही नाही’.

एक संधी मात्र थोडक्यात हुकली. १ सप्टेंबर २०१८ पासून कायद्यात १४३अ हे नवं कलम आलं: खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला न्यायाधीश सांगू शकतात. मी खूश. मग २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ही तरतूद त्या तारखेनंतरच्या गुन्ह्यांनाच लागू. आमचा चेक फेब्रुवारीचा. काका म्हणाले, सहा महिने उशिरा बुडवले असते तर बरं झालं असतं.

जानेवारी २०२० मध्ये आरोपीचा जबाब झाला, ‘गुन्हा कबूल नाही’. दोन महिन्यांनी लॉकडाऊन. त्या काळाबद्दल मी कुणाला दोष देत नाही, गाळाही बंदच होता. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चेकच्या खटल्यांना वेग यावा म्हणून निर्देश दिले. त्या निकालात आकडा होता: २०१९ अखेर देशभर प्रलंबित २.३१ कोटी फौजदारी खटल्यांपैकी ३५.१६ लाख एकट्या चेकचे. वकीलबाईंनी तो आकडा मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘तुम्ही एकट्या नाही.’ धीर द्यायला म्हणून पाठवला असावा.

खरी साक्ष सुरू झाली नोव्हेंबर २०२१ मध्ये. तोवर आमचं प्रकरण एका नव्या न्यायाधीशांसमोर आलं होतं. वय पंचेचाळीसच्या आसपास, आवाज हळू, बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांची यादी, सकाळी अकराच्या ठोक्याला सुरू. मुदतीचा अर्ज आला की हे साहेब विचारायचे, ‘कारण सांगा, छापील नको.’ दोनदा त्यांनी बिल्डरच्या वकिलाला खर्च लावला. एकदा ५००, एकदा १,०००. रक्कम बघू नका; साडेतीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या दिवसाला किंमत आहे असं म्हटलं होतं.

बिल्डरचा बचाव दुहेरी होता. एक, चेक सिक्युरिटी, म्हणजे नुसता तारण, म्हणून दिला होता. दोन, काम निकृष्ट होतं, लॅमिनेशन सुटत होतं. ब्रोशरची एक प्रत आम्ही पुराव्यात दाखल केली होती, तिच्यावर निशाणी क्रमांकाचा शिक्का पडला होता. उलटतपासात वकिलाने ती हातात नाचवत विचारलं, ‘हे लॅमिनेशन तुम्ही स्वतः केलं का?’ मी म्हटलं, मशीनने केलं, मशीनवर मी आणि काका होतो. ‘म्हणजे तुम्हाला कबूल आहे की कामगार प्रशिक्षित नव्हते?’ मला हसू आलं. काकांचं आयुष्य त्या रोलरवर गेलंय.

तेवढ्यात न्यायाधीश म्हणाले, ‘ते इकडे द्या.’ त्यांनी ब्रोशर घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, कव्हरचा कोपरा अंगठ्याच्या नखाने जरा उचकटून पाहिला. मग घडीवर बोट फिरवलं, जिथे लॅमिनेशन कच्चं असेल तर पहिल्यांदा फुटतं. घडी फुटली नव्हती. ‘मॅट आहे ना?’ एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी प्रत खाली ठेवली आणि वकिलाला म्हणाले, पुढचा प्रश्न घ्या. कुणी आपलं काम हातात घेऊन बघितलं की कसं वाटतं, ते कारागिरालाच कळेल. मी गाळ्यावर येऊन काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, घडीवर बघितलं? नक्की घडीवर?

फेब्रुवारीअखेर माझा उलटतपास जवळजवळ संपला. एक तारीख उरली होती.

मार्च २०२२ मध्ये त्या तारखेला बिल्डरच्या बाजूला एक ज्येष्ठ वकील उभे होते. पांढरे केस, अतिशय सभ्य माणूस. नवं वकीलपत्र दाखल झालं. न्यायाधीशांनी ते वाचलं आणि बराच वेळ वर बघितलंच नाही. मग इंग्रजीत काहीतरी टिपून घ्यायला सांगितलं आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले: ‘बाई, मी न्यायखात्यात येण्याआधी सहा वर्षं यांच्या चेंबरमध्ये ज्युनिअर होतो. हे तुम्हाला माहीत असणं आवश्यक आहे. मी ही केस चालवायला तुमची काही हरकत आहे का?’

कोर्ट एकदम शांत झालं. पट्टेवालासुद्धा बघत होता. मी ताबडतोब म्हटलं, ‘नाही साहेब, हरकत नाही.’

ते म्हणाले, ‘घाईने नको. पुढच्या तारखेला लेखी द्या.’

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी जे सांगितलं ते ऐकून मी जिन्यावरच बसले. आमचा खटला संक्षिप्त पद्धतीने, म्हणजे साक्ष थोडक्यात नोंदवून, चालला होता. अशा खटल्यात एका न्यायाधीशाने नोंदवलेल्या पुराव्यावर दुसऱ्याला निकाल देता येत नाही. न्यायाधीश बदलला तर साक्ष पहिल्यापासून. २०११ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते चेकच्याच प्रकरणात सांगितलं आहे. म्हणजे हरकत घेतली तर चार महिन्यांची साक्ष आणि चार वर्षांची वाट पाण्यात. हरकत नाही म्हटलं तर पुढे काही उलटसुलट झालं की रात्री झोप यायची नाही. ‘आणि त्यांना हे माहीत नव्हतं का?’ मी विचारलं. ‘कुणाला?’ ‘त्या पांढऱ्या केसांच्या वकिलांना.’ वकीलबाई काही बोलल्या नाहीत. कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारे एक आजोबा आहेत, माझे सगळे अर्ज त्यांनीच टाइप केलेत. ते मान न वर करता म्हणाले, ‘ताई, साहेब बदलायला लाच लागत नाही. वकील बदलायचा असतो.’

मधल्या दोन आठवड्यांत एक दिवस वकीलबाईंचं हायकोर्टात काम होतं, मला म्हणाल्या चला, तुमचंही मन जरा रमेल. फोर्टमधली ती दगडी इमारत मी बाहेरून शंभरदा पाहिली होती, आत पहिल्यांदा गेले. १८७८ सालची. त्यांनी मला एका खांबावरचं कोरीवकाम दाखवलं: हातात तराजू धरलेलं माकड, एका डोळ्यावर पट्टी. असं सांगतात की बांधकामाच्या वेळी एका पारशी पोटकंत्राटदाराचं इंग्रज ठेकेदाराशी भांडण झालं, कोर्टात तो हरला, आणि मग त्याने न्यायदेवतेचं हे रूप तिच्याच घरात कोरून ठेवलं. खरं-खोटं देव जाणे. पण त्या माणसाचा राग मला एकदम ओळखीचा वाटला. एक डोळा उघडा ठेवलाय, हे त्यातलं खरं. दोन्ही झाकले असते तर चाललं असतं.

मग त्याच इमारतीतलं सेंट्रल कोर्ट. दाराबाहेर संगमरवरी फलक आहे, टिळकांनी १९०८ साली शिक्षा होताना काढलेले उद्गार, १९५६ मध्ये न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते लागलेला. ते उद्गार शाळेपासून पाठ असतात. मला माहीत नव्हतं ते वकीलबाईंनी सांगितलं. शिक्षा देणारे न्यायमूर्ती दिनशा दावर हे १८९७ च्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात स्वतः टिळकांचे वकील होते. टिळकांना जामीन मिळावा म्हणून न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे त्यांनीच युक्तिवाद केला आणि तो मिळवला. अकरा वर्षांनी त्याच माणसाचा जामीन त्यांनी नाकारला आणि सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. ज्यूरीचा कौल सात विरुद्ध दोन. या शिक्षेसाठी गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, त्यातल्या कितीतरी गिरण्या आमच्याच भागातल्या. आमचा गाळा ज्या गल्लीत आहे तिथून भोंगा ऐकू यायचा, असं सासरे सांगायचे.

‘दावर बाजूला झाले असते तर?’ मी विचारलं.

‘दुसरा कुणीतरी तीच शिक्षा देता,’ वकीलबाई म्हणाल्या. ‘पण आपण आज हे बोलत उभे राहिलो नसतो.’

घरी आल्यावर मी न्यायाधीशांचे नियम शोधून वाचले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी मे १९९७ मध्ये सोळा कलमांचं एक आचार-निवेदन स्वीकारलं. नातेवाईक किंवा मित्र यांचा संबंध असलेलं प्रकरण चालवायचं नाही. ज्या कंपनीचे शेअर आहेत तिचं प्रकरण आलं तर ते उघड करायचं, आणि कुणाची हरकत नसेल तरच चालवायचं. वकिलांशी, विशेषतः त्याच कोर्टातल्या वकिलांशी जवळीक टाळायची. वरच्या न्यायाधीशांसाठीचं आहे ते, पण आमचे साहेब अक्षरशः तसेच वागले होते. उघड केलं, विचारलं, लेखी मागितलं. बार कौन्सिलचे वकिलांसाठीचे नियमही वाचले. ज्या न्यायाधीशाशी नातं आहे त्याच्यापुढे वकिलाने उभं राहायचं नाही, आणि नात्यांची यादी तर लग्नपत्रिकेपेक्षा लांब: बाप, आजोबा, मुलगा, पुतण्या, सासरा, मेहुणा, वहिनी, सगळे. त्यात चेंबरमधला जुना ज्युनिअर नाही.

म्हणजे वकिलावर बंधन नाही, न्यायाधीशावर सदसद्विवेकाचं आहे, आणि दोघांच्या मधला खर्च माझा.

मी वकीलबाईंना म्हटलं, आपण उलटा अर्ज देऊ. न्यायाधीश कशाला बदलायचे? साक्ष संपत आलीय. ज्याने ऐन वेळी हा वकील आणला त्याला सांगा, दुसरा आण. मुंबईत वकिलांचा काय दुष्काळ आहे? त्या म्हणाल्या, आरोपीला आपल्या पसंतीचा वकील ठेवण्याचा अधिकार आहे, राज्यघटनेने दिलेला. त्याला हात लावला तर अपिलात तोच मुद्दा होईल. बरोबर असेल. पण तो अधिकार कितव्या वर्षी आणि कुठल्या तारखेला आठवावा, याची किंमत कुणीतरी लावायला हवी होती, असं मला आजही वाटतं. निदान माझ्या पुन्हा होणाऱ्या साक्षीचा खर्च त्याच्याकडून आधी भरून घ्यायचा. छापील अर्जाला ५०० रुपये लागू शकतात, तर याला का नाही?

शेवटी पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली: ‘फिर्यादीची हरकत नाही.’ आजोबांनी टाइप केली, मी सही केली.

न्यायाधीशांनी ती वाचली. मला पुढे बोलावलं. ‘हे तुम्ही मनापासून लिहिलंय, की परत पहिल्यापासून नको म्हणून?’

हो म्हणायला काय जात होतं? साक्षीदाराच्या पिंजऱ्यातही नव्हते मी, शपथही नव्हती. पण ज्या माणसाने काकांच्या घडीवर बोट फिरवून पाहिलं होतं त्याच्याशी खोटं बोलवेना. म्हटलं, ‘परत पहिल्यापासून नको म्हणून, साहेब.’

ते थोडं हसले असं मला वाटलं. मग म्हणाले, ‘मग ही संमती नाही.’ आणि प्रकरण दुसऱ्या कोर्टाकडे द्यावं म्हणून मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा आदेश सांगायला लागले. ज्येष्ठ वकील वाकून ‘ऑब्लाइज्ड’ म्हणाले. वकीलबाईंनी रागाने फाइलची दोरी बांधली ती तुटली.

त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचा मी खूप विचार केलाय. त्यांनी केस ठेवून माझ्या बाजूने निकाल दिला असता तर बिल्डर म्हणाला असता, जुन्या गुरूवर राग काढला. विरुद्ध दिला असता तर मी म्हटलं असतं, गुरुदक्षिणा दिली. दोन्हीपासून त्यांनी स्वतःला आणि खुर्चीला वाचवलं. मला वाचवायची सोय त्यांच्या हातात नव्हती, किंवा होती आणि त्यांनी ती वापरली नाही. हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

जून २०२२ मध्ये नव्या कोर्टात पहिली तारीख. बिल्डरच्या बाजूला त्याचा जुनाच वकील. पांढऱ्या केसांचे ज्येष्ठ त्या दिवशी नव्हते. पुढच्या तारखेलाही नव्हते. त्यानंतर एकदाही आले नाहीत.

दुसऱ्यांदा साक्ष देणं म्हणजे वाचलेलं पुस्तक परत वाचणं नव्हे. पहिल्या वेळी दिलेलं प्रत्येक उत्तर वकिलाकडे टाइप केलेलं होतं आणि तो फक्त तफावत शोधत होता. ‘तेव्हा तुम्ही डिलिव्हरी सायंकाळी सहाला म्हणालात, आता साडेसहा म्हणता.’ नव्या न्यायाधीश मॅडम कामाला वाघ होत्या, रोज ऐंशी-नव्वद प्रकरणं बोर्डावर. ब्रोशर त्यांनी उघडलंही नाही. गरजही नव्हती, कारण चेकवरची सही कबूल असली की तो देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा गृहीत धरतो आणि उलट सिद्ध करायचं ओझं आरोपीवर असतं. कायदा माझ्या बाजूने होता, ते सांगायला हवं. तो पहिल्या दिवसापासून माझ्याच बाजूने होता. मला फक्त त्याच्यापर्यंत चालत जावं लागत होतं, आणि समोरचा गाडीने.

डिसेंबर २०२३ मध्ये निकाल. दोषी. तीन महिने साधी कैद आणि ७,५०,००० रुपये भरपाई. काकांनी पेढे आणले. मी त्यांना म्हटलं, थांबा जरा. महिन्याच्या आत अपील, शिक्षेला स्थगिती. पण इथे चेकच्याच कायद्याचं कलम १४८ उपयोगी पडलं: अपील करायचं तर भरपाईच्या किमान २० टक्के भरायला कोर्ट सांगू शकतं, आणि हे जुन्या फिर्यादींनाही लागू आहे. १,५०,००० भरले गेले, ते मला हमीपत्रावर मिळाले. सहा वर्षांत हातात आलेली पहिली रक्कम. कागदवाल्याचे मी केव्हाच फेडले होते, सोन्याच्या दोन बांगड्या घालवून. तरी त्याच्याकडे पेढे घेऊन गेले. त्याचा मुलगा आता दुकानात बसतो. त्याला हिशोब माहीतच नव्हता.

सप्टेंबर २०२४ मध्ये लोकअदालतीत तडजोड झाली. एकूण ५,५०,०००, आधीचे दीड लाख धरून. वहीतल्या खर्चाची बेरीज केली: ५३ तारखा, वकील फी १,०६,०००, टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, प्रवास, आणि बंद गाळ्याचे दिवस, ज्यांचा रकानाच मी केला नव्हता. लढले असते तर साडेसात लाख मिळाले असते, कदाचित. कधी, ते विचारू नका. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही केली. बिल्डरच्या वकिलाने डिमांड ड्राफ्ट देताना विचारलं, ‘ताई, आता राग नाही ना?’

त्या दिवशी पॅनेलची वाट बघत बसले होते तेव्हा समोर विधी सेवा प्राधिकरणाचा बोर्ड होता. मोफत वकील कुणाला मिळतो त्याची यादी. अनुसूचित जाती-जमाती, कामगार, दिव्यांग, कोठडीतली व्यक्ती, ठरावीक उत्पन्नाच्या आतले... आणि एका ओळीत नुसतं ‘महिला व बालके’. उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या कायद्याचं कलम १२. असाच बोर्ड आमच्या पहिल्या कोर्टाच्या जिन्यातही होता; त्याच्याखालीच मी त्या दिवशी बसले होते. वकीलबाईंना दाखवलं तर त्यांचा चेहरा उतरला. म्हटलं, जाऊ दे हो, तुम्ही नसता तर मी तिसऱ्या तारखेलाच सोडलं असतं. आणि ते खरंच आहे.

पुराव्यात दाखल केलेली कागदपत्रं परत मागता येतात हे मला माहीत होतं. अर्ज केला. टाइप करायला गेले तर आजोबांच्या जागी त्यांचा नातू, लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर घेऊन. महिन्याभराने चेक, मेमो, नोटिशीची पोच आणि ब्रोशर हातात आलं. ब्रोशरच्या पहिल्या पानावर निशाणीचा जांभळा शिक्का, दोन कोर्टांच्या दोन सह्या, एका कोपऱ्याला टाचणीचा गंज.

ते आता गाळ्यावर काकांच्या टेबलावर असतं. नवं गिऱ्हाईक मॅट लॅमिनेशनचं टिकाऊपण विचारायला लागलं की काका तेच पुढे सरकवतात आणि म्हणतात, घडीवर बोट फिरवून बघा.